झॉर्क १ : दिवा घेतल्याशिवाय माळ्यावर चढू नका

कॉलेजातला भाचा रेड डेड रिडेम्प्शन २ लावतो तेव्हा मी मटार सोलायला घेऊन शेजारी बसते. गेममधल्या नायकाचा, आर्थर मॉर्गनचा खोकला सुरू झाला आणि सालं कुठली, दाणे कुठले याचं मला भान राहिलं नाही. तेव्हा नव्या गेमांशी माझं वैर नाही. पण मध्येच पोरगा कंट्रोलर मांडीवर टाकून नुसता बघत बसतो. "मावशी, थांब, आता सीन आहे."

म्हणून त्याला लॅपटॉपवर फ्रॉट्झ (असले जुने शब्दांचे गेम चालवणारा प्रोग्राम) टाकून झॉर्क दिला. इन्फोकॉम कंपनीचा, १९८० सालचा. त्याआधी १९७७ पासून एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या चौघांनी तो तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर रचला होता. रेड डेडला पीसीवर १५० जीबी जागा लागते. झॉर्कची फाइल १०० केबीसुद्धा भरत नाही. चित्र एकही नाही. गेम शब्दांत सांगतो, आपण काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं.

पांढरं घर, फळ्या ठोकलेलं दार, एक टपालपेटी. एवढं सांगून गेम गप्प बसतो. "आता काय करू?" भाचा म्हणाला. मी मटारच सोलत राहिले. शेवटी त्याला मागची किलकिली खिडकी सापडली, आत दिवाणखान्यात गालिच्याखाली तळघराचं दार. तो उतरला आणि वरून दार धाडकन बंद. कुणीतरी अडसर घातल्याचा आवाज. कोणी, ते कळत नाही.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. खजिने आणून काचेच्या कपाटात ठेवायचे, एकूण ३५० गुण. आर्थरसारखा जीव लावणारा माणूस इथे भेटणार नाही. एक चोर मात्र आहे, आणि तो पुरून उरतो. भुलभुलैयात खुणेसाठी मी वस्तू टाकत गेले, तर लांबून कोणीतरी बोललं, ही छान वस्तू इथे कशी काय बरं! गेली खूण.

(पुढचा परिच्छेद, स्वतः खेळणार असाल तर सोडा.) झाडावरच्या घरट्यात रत्नजडित अंडं आहे. भाच्याने हौसेने उघडलं, ते मोडलं आणि आतला चावीवर चालणारा सोन्याचा कॅनरी पक्षीही गेला. ते नीट उघडायचं कसब एकट्या चोराकडे. ज्याच्यापासून सगळं जपायचं, त्याच्याच हाती ते मुद्दाम पडू द्यायचं आणि मग त्याला मारून परत घ्यायचं! तो कॅनरी रानात नेऊन चावी दिली की खरा पक्षी फांदीवर येऊन बसतो, आणि गायला चोच उघडताच त्यातून पितळेचा दागिना पडतो. चावी द्यायचं तुम्हाला सुचलं नाही, तर तो पक्षी येतच नाही.

खोटही सांगते. अंडं मोडल्यावर पूर्ण गुण मिळणार नाहीत, हे गेम सांगत नाही. तासन्‌तास खेळवत ठेवतो. दिव्याची बॅटरी संपते. सारखं सेव्ह करा. क्रियापद आधी लिहायचं, 'पेटी उघड' अशी आपली रीत चालत नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने झॉर्कच्या तिन्ही भागांचा सोर्स कोड खुला केलाय, हौशी पोरांनी तो जरूर उघडून बघावा.

काल भाचा दिव्याशिवाय माळ्यावर चढला. काळोख आहे, ग्रू नावाचा प्राणी खाईल, अशी सूचना आली. तरी गडी उत्तरेला निघाला, आणि खाल्लं त्याला. रात्री जेवताना विचारत होता, "मावशी, ग्रू दिसतो कसा गं?" काय सांगणार? तो उजेडात येतच नाही.