शाळा पुन्हा बंद पडली, तर आधी कुणाचा वर्ग उघडायचा?

आमची शाळा कृष्णाकाठची, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं आणि मधला काळ कोरोनाने खाल्ला. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दर जूनला 'यंदा बंद पडली तर?' हा विषय निघतोच. गेल्या बैठकीत अध्यक्षांनी, म्हणजे चौथीतल्या एका मुलाच्या वडिलांनी, सरळ विचारलं, "गुरुजी, कोरोनात कुणी काय केलं आणि त्यातलं आपण काय उचलायचं, तेवढं सांगा की." त्यांच्यासाठी टिपणं काढायला बसलो, त्यातून हे झालं. तुमच्या शाळेचा आराखडा लिहायचा असेल, तर यातलं पटेल ते घ्या.

आधी मोठी की आधी लहान

माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि त्यावर चर्चा सगळ्यात कमी झाली.

महाराष्ट्राने वरून खाली असा क्रम धरला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांत २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीला परवानगी मिळाली. पालकांचं लेखी संमतीपत्र हवं आणि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा, अशी अट होती. मुंबई, ठाणे, पुण्याने तेव्हा 'आत्ता नको' म्हटलं. २७ जानेवारी २०२१ ला मुंबई सोडून इतरत्र पाचवी ते आठवी आली. मग दुसरी लाट. ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा घंटा झाली ती ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. आणि पहिली ते चौथी? गावांत १ डिसेंबर २०२१, मुंबईत १५ डिसेंबर, पुण्यात १६ डिसेंबर. म्हणजे जवळपास एकवीस महिने.

न्यूयॉर्कने नेमकं उलटं केलं. अमेरिकेतला हा सर्वांत मोठा शालेय जिल्हा (म्हणजे एकाच कारभाराखालच्या सरकारी शाळा), दहा लाखांच्या आसपास मुलं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या शाळा पुन्हा बंद झाल्या, पण ७ डिसेंबरला उघडल्या त्या प्राथमिकच्या. मोठ्यांना थांबायला सांगितलं. डेन्मार्क तर १५ एप्रिल २०२० लाच लहानांपासून सुरू झाला होता.

आपल्याकडचं गणित साधं होतं: बोर्डाची परीक्षा. दहावी-बारावीचं नुकसान गुणपत्रिकेवर दिसतं, पहिलीचं दिसत नाही. शिवाय मोठी मुलं मास्क लावून अंतर पाळतील, लहानांना कोण आवरणार, ही भीतीही खोटी नव्हती. गंमत अशी की ज्या परीक्षेसाठी मोठ्यांना आधी बोलावलं, ती दहावीची लेखी परीक्षा २०२१ मध्ये झालीच नाही. नववीचे ५०, दहावीतल्या अंतर्गत लेखीचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं धरून राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

लहानांचं काय झालं, ते मी वर्गात पाहिलं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर डिसेंबर २०२१ मध्ये प्रथम वर्गात बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं. त्या पहिल्या आठवड्यात एक मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की दप्तर उचलून घरी जायचा. शाळा सुटली, असंच त्याला वाटायचं. घंटेचे अर्थ वेगवेगळे असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरी एक मुलगी पेन्सिल मुठीत धरून लिहायची, खुरपं धरावं तशी. दहावीचा मुलगा मोबाइलवरचा निरोप निदान वाचू शकतो. पहिलीतल्याला वाचताच येत नाही, त्याला कसलं ऑनलाइन?

एक मान्य करायला हवं. न्यूयॉर्कने लहानांना बोलावलं तेव्हा शाळेतल्या काही मुलांची आणि कर्मचाऱ्यांची दर आठवड्याला चाचणी घ्यायची सोय केली होती. तेवढी ताकद आमच्या तालुक्यात नव्हती. पण पुराला चाचणी लागत नाही, उन्हाळ्याच्या लाटेलाही लागत नाही. तेव्हा आपल्यासारख्यांनी खालून वर जावं, असं माझं ठाम मत आहे.

कुलूप कोणी लावायचं, किल्ली कोणाकडे

न्यूयॉर्कने नियम आकड्यात बांधला होता. शहरातल्या चाचण्यांत बाधित निघणाऱ्यांचं सात दिवसांचं सरासरी प्रमाण ३ टक्क्यांवर गेलं की सगळ्या शाळा बंद. १९ नोव्हेंबर २०२० ला तसं झालंही. पण हॉटेलांत बसून जेवायला तेव्हा परवानगी होती, त्यामुळे पालक खवळले आणि थोड्याच दिवसांत तो आकडा गुंडाळावा लागला. बंद कधी करायचं ते ठरलं होतं, उघडायचं कधी ते ठरलंच नव्हतं. लॉस एंजेलिसने दुसरं टोक गाठलं. ऑगस्ट २०२० पासून सगळं घरून, आणि शिक्षक संघटनेशी करार आणि तिथल्या रुग्णदराची अट यांतून वाट काढत प्राथमिकची मुलं वर्गात यायला एप्रिल २०२१ उजाडला.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये एक वेगळा प्रयोग झाला. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथे ग्रामपंचायतीने ठराव करावा, सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बघावं आणि १५ जुलैपासून आठवी ते बारावी भरवावी. सगळ्या राज्याला एकच कुलूप लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. खोट एवढीच की महिनाभर एकही नाही, ही अट फार कडक. मुंबईहून गणपतीला आलेला एक चाकरमानी तापला की मोजणी पुन्हा एकपासून. जानेवारी २०२२ मध्ये तर आधी १५ फेब्रुवारीपर्यंत राज्यभर बंद जाहीर झाला आणि पालकांची ओरड झाल्यावर २४ जानेवारीपासून निर्णय परत स्थानिक प्रशासनाच्या हाती दिला गेला.

दोन्हींतून घ्यायचं तर निर्णय गावाचा हवा आणि उघडण्याची अट बंद करतानाच लिहिलेली हवी. आमच्या आराखड्यात आता असं वाक्य आहे: पायरीखाली पाणी उतरलं, स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी आलं आणि दोन खोल्या कोरड्या झाल्या, की तिसऱ्या दिवशी शाळा. सगळ्या खोल्यांची वाट बघायची नाही.

मोबाइल, टीव्ही, भिंत, कागद

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय. २०२१ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या २६.१ टक्के मुलांच्या हाताला तो लागतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर. आमच्या गावात सकाळी दहाला टाकलेला अभ्यास रात्री साडेआठला उघडला जायचा. तोवर पोर झोपलेलं. पुरात तर वीजच जाते, मग चार्जिंग कुठलं आणि रेंज कुठली!

सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलिमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची. फोनपेक्षा टीव्ही बरा, नेटपॅक लागत नाही आणि शेजारची दोन पोरं येऊन बसतात. पण टीव्ही प्रश्न विचारून थांबत नाही, आणि वही तपासत नाही.

मला सर्वांत भावलेला मार्ग सोलापूरच्या नीलमनगरचा. यंत्रमाग कामगारांची वस्ती. तिथल्या शाळेने घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले: अक्षरं, आकृत्या, पाढे. गल्लीतून जाता-येता अभ्यास. मात्र आमच्यासारख्या पूरगावात त्याचा उपयोग नाही, दोन पावसाळ्यांत रंग पाण्याबरोबर जाईल.

आमच्याकडे चाललं ते कागदाचं. एका पानाची कृतिपत्रिका, तीही हाताने लिहून झेरॉक्स काढलेली. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य घ्यायला पालक शाळेत यायचे, तेव्हाच ती हातात द्यायची आणि मागच्या वेळची परत घ्यायची. धान्य चुकत नाही, म्हणून अभ्यासही चुकला नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा मळ्यातल्या वस्तीवर जाऊन आंब्याखाली सात-आठ पोरं बसवायची. ज्या शाळेचे शिक्षक गावात किंवा जवळपास राहतात, तिला हे जमतं. शहरातून ये-जा करणाऱ्यांना अवघड आहे, आणि समितीने हे आधीच तोंडावर विचारून घेतलेलं बरं.

एक दिवसाआड की रोज अर्धा दिवस

गर्दी टाळायला न्यूयॉर्कमध्ये मुलं आठवड्यातले एक ते तीन दिवस शाळेत आणि बाकीचे घरी, आपल्याकडे दिवसाआड. मोठ्यांना चालेल. पहिली-दुसरीला दिवसाआड म्हणजे सोमवारचं बुधवारपर्यंत विसरणं, आणि आईला 'आज आहे का नाही?' या घोळात टाकणं. रोज दोन तास, पण रोज. यावर मी वाद घालणार नाही.

नंतरची भरपाई

२०२०-२१ मध्ये २५ टक्के पाठ्यक्रम कमी केला गेला. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, त्यात तीन चाचण्या. दोन्हींत सेतू बरा, कारण तो मागच्या इयत्तेचं उरलेलं विचारतो. कपात फक्त पुढची पानं काढते, मागची भोकं बुजवत नाही. पण सेतूही इयत्तेप्रमाणे होता. आमच्या चौथीत त्या वर्षी काही पोरं जोडाक्षरावर अडलेली आणि काही थेट मुळाक्षरांवर, त्यांना एकच पुस्तिका देऊन काय होणार? आम्ही रोजचा एक तास इयत्ता मोडली आणि वाचता येतं त्याप्रमाणे गट केले. देशाचा आकडाही हेच सांगतो: दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 'असर'नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५.

टिपणं वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मग गाळ काढतानाही तसंच करायचं का?" आजवर पूर ओसरला की आम्ही पाचवीची खोली आधी धुवायचो, शिष्यवृत्तीची परीक्षा असायची म्हणून. आता ठरावात लिहिलंय: पहिला फावडा पहिलीच्या खोलीत. पाचवीच्या दोन पालकांनी विरोध नोंदवलाय, तोही कार्यवृत्तात आहे.