दोन ॲम्प, एक स्पीकरजोडी: क्लास बदलणारा डबा सोलापूरच्या घरात कसा चालतो

ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) क्लास म्हणजे तो प्रवाह कसा चालवतो त्याची पद्धत: ए मध्ये पूर्ण प्रवाह सतत वाहतो, एबीमध्ये शांत असताना थोडाच, आणि डीमध्ये ट्रान्झिस्टर स्विचसारखे झपाट्याने चालू-बंद होतात. एकाच स्पीकरजोडीवर कधी क्लास ए, कधी एबी, कधी डी ॲम्प लावून ऐकायचं, तर दर वेळी मागच्या वायरी उपसत बसण्याऐवजी मध्ये एक सिलेक्टर डबा लावतात. ऑनलाइन असे डबे भरपूर मिळतात. मागे दोन ॲम्पसाठी टर्मिनल, एका स्पीकरजोडीसाठी टर्मिनल आणि पुढे एक बटण. साध्या डब्याला वीज लागत नाही, आवाजात तो काही मिसळत नाही. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण आत दोन जाती आहेत. एक जात बिनधास्त घ्यावी. दुसरी क्लास डीच्या घरात आणूच नये.

फरक वजा वायरीचा आहे. चांगला डबा चारही वायरी तोडतो: डावी अधिक, डावी वजा, उजवी अधिक, उजवी वजा. स्वस्त डबा फक्त अधिकच्या दोन वायरी बदलतो आणि सगळ्या वजा आतून एकत्र बांधून ठेवतो. क्लास एबीच्या बहुतेक ॲम्पमध्ये वजा म्हणजे ग्राउंडच असतं, त्यामुळे असा डबा दोन एबी ॲम्पवर वर्षानुवर्षं चालतो आणि कुणाला काही कळत नाही. क्लास डी आला की गणित फिरतं. टीपीए ३११६ किंवा टीपीए ३२५५ या क्लास डीच्या आयसींचे (चिपचे) ॲम्प साधारणपणे ब्रिज जोडणीत असतात. म्हणजे स्पीकरची वजाही जिवंत असते. ४८ व्होल्टच्या सप्लायवर अधिक आणि वजा दोन्ही टर्मिनल ग्राउंडपासून २४ व्होल्टवर बसलेली असतात. ही वजा दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला टेकली, आणि दोन्ही ॲम्पची ग्राउंड इनपुटच्या आरसीए केबलच्या जाळीतून आधीच जोडलेली असली, तर ते २४ व्होल्ट सरळ शॉर्ट होतात. आयसीचं संरक्षण जागं असेल तर ॲम्प बंद पडून वाचतो. बोर्ड हलका असेल तर आयसी जातो.

म्हणून डबा हातात आला की काहीही जोडायच्या आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या जागी) लावा. पहिल्या ॲम्पची डावी वजा आणि उजवी वजा यांना प्रोब लावा. बीप आला की डबा परत. मग पहिल्या ॲम्पचं प्रत्येक टर्मिनल दुसऱ्या ॲम्पच्या प्रत्येक टर्मिनलशी तपासा, बटणाच्या दोन्ही स्थितींत. कुठेही बीप येता कामा नये. शेवटी बटण अगदी हळू दाबत मधल्या जागी आणा आणि पुन्हा पाहा. जुनं नातं तुटल्यावरच नवं जुळलं पाहिजे. काही सरकत्या स्विचमध्ये क्षणभर दोन्ही बाजू एकत्र येतात, आणि तेवढ्यात एका ॲम्पचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर आदळतं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. हे डबे घेताना सगळ्यात जास्त किंमत त्या पाच मिनिटांची.

दुसरी गोष्ट स्विचच्या पोटातली. ४ ओहमच्या स्पीकरवर ५० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर, शिखरावर ५. शंभर वॉट धरले तर ५ आणि ७. खटका मारणाऱ्या छोट्या बटणांचे काँटॅक्ट बरेचदा एक ते तीन अँपिअरचे असतात. खोलीतल्या ऐकण्याला ते पुरतात, दिवाळीच्या आवाजाला नाही. आत १० अँपिअरचे रिले असलेला डबा मिळाला तर तोच घ्या, मग रिलेला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागला तरी हरकत नाही. काँटॅक्ट काळे पडले की एका बाजूचा आवाज बारीक होतो किंवा खरखरतो. इथल्या धुळीत हे लवकर होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर मारून बटण पंधरा-वीस वेळा दाबा. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटून बसते.

वायरीसाठी महागड्या नावांच्या मागे लागायची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर घ्या. तीन मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तिचा रोध ०.०५ ओहमच्या आत राहतो, आणि तेवढं पुरेसं आहे. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये एक सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागला तर वर सांगितलेला सगळा अपघात डबा चांगला असूनही होतो. टोकाला लग किंवा बनाना पिन लावाच.

बटण कसं दाबायचं तेही ठरलेलं असावं. आवाज पूर्ण खाली, मग बटण, मग आवाज हळूहळू वर. ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तर त्याला सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र या डब्यावर लावू नका: लोड सुटला आणि सिग्नल चालू राहिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उंच व्होल्टेज उठून तो जळू शकतो.

आता इनपुटची बाजू. डॅकमधून (डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल करणाऱ्या यंत्रातून) एकाची दोन टोकं करणारी वाय-केबल काढून दोन्ही ॲम्पला एकदम सिग्नल द्यावा असं सगळ्यांना वाटतं, आणि दोन्ही चालू असतील तोवर ते चालतंही. एक ॲम्प बंद केला की घोटाळा. बंद ॲम्पच्या इनपुटवरचे भाग सिग्नलला मध्येच धरू लागतात आणि चालू ॲम्पचा आवाज फाटका येतो. लोक दोष चालू ॲम्पला देतात. इनपुटलाही वेगळा आरसीए सिलेक्टर लावला की हे मिटतं. दोन्ही ॲम्प, डॅक, टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, नाहीतर दोन सॉकेटच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झची घूं स्पीकरमध्ये येते. सोलापुरात एप्रिलपासून जमीन तडकते तसा घराच्या अर्थिंगचा खड्डाही सुकतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर पाच-सात व्होल्ट दाखवत असेल तर आधी वायरमनला बोलवा, मग केबल बदला.

क्लासची तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय बटण दाबण्यात अर्थ नाही. टीपीए ३११६ चा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल यांपैकी एकावर बसवलेला असतो. शेजारचा एबी ॲम्प २६ वर असला आणि हा ३२ वर, तर दर वेळी क्लास डीच "मोकळा आणि दमदार" वाटणार. तो फक्त मोठा वाजत असतो. १०० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या अधिक-वजावर २.०० व्होल्ट आणा, मग दुसऱ्या ॲम्पवर व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणा. २.०५ आला तर फरक ०.२ डेसिबलचा, तिथवर ठीक. क्लास डीच्या आउटपुटवर स्विचिंगचा शेकडो किलोहर्ट्झचा थोडा सिग्नल उरलेला असतो आणि काही मीटर त्याने फसतात. सिग्नल बंद असताना मीटर शून्याजवळ येत नसेल तर १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लावून त्या कपॅसिटरवर मोजा, आणि दोन्ही ॲम्पना तीच जोडणी वापरा. प्रोब त्याच चॅनेलच्या अधिक आणि वजावरच हवेत. अर्थिंग असलेल्या ऑसिलोस्कोपची क्लिप क्लास डीच्या वजाला लावली तर तोही शॉर्टच.

हे सगळं नीट बसल्यावर डब्याच्या दोन बाजूंना काय लावावं? इथे सोलापूरचा उन्हाळा बोलतो.

क्लास ए म्हणजे गाणं वाजो न वाजो, पूर्ण प्रवाह चालू. जॉन लिन्सले हूड यांचं १९६९ सालचं १० वॉटचं सर्किट आजही बोर्डाच्या रूपात विकलं जातं. ८ ओहमसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे एका चॅनेलला ३२ वॉटची उष्णता, दोन्हींची मिळून ६५. ट्रान्सफॉर्मरचं नुकसान धरून भिंतीतून ८० वॉटच्या आसपास. रोज चार तास ऐकलं तर महिन्याला सुमारे १० युनिट. विजेचं बिल काही जीव घेत नाही, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा खाचांचा तुकडा) घेते. ०.८ अंश प्रति वॉटची मोठी हीटसिंक प्रत्येक चॅनेलला दिली, तरी ती खोलीपेक्षा २६ अंशांनी वर राहते. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, खोली २४ अंशांवर असते, तेव्हा हीटसिंक ५०. मे महिन्यात स्लॅब तापून संध्याकाळीही खोली ३८ वर असते, तेव्हा ६४, आणि तिच्यावर हात ठेववत नाही. शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंशांना निम्मं आयुष्य गमावतात. तिथे ८५ अंशांचे नको, १०५ चे घ्या आणि हीटसिंकपासून दोन बोटं लांब बसवा. बायसचा प्रवाह, म्हणजे गाणं नसतानाही वाहणारा ठरवलेला प्रवाह, ॲम्प अर्धा तास तापल्यावर पाहा. थंड असताना बसवलेला आकडा टिकत नाही. या सर्किटच्या आउटपुटला कपॅसिटर आहे, त्यामुळे चालू करताना स्पीकरमध्ये धप्पकन ठोका बसतो. आपला डबा इथे उपयोगी पडतो: बटण दुसऱ्या बाजूला ठेवून क्लास ए चालू करा, दहा-पंधरा सेकंदांनी त्याच्याकडे वळा.

मिळतं काय? अगदी हळू आवाजात, गायकीचा किंवा सतारीचा शेवट विरत जाताना, क्रॉसओव्हरची विकृती अजिबात नसते. कारण हाच क्लास कधी एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवत नाही. पण नीट बायस केलेला एबी ॲम्प या जागी क्लास एच्या फार जवळ येतो, हे मान्य करायला हवं. दहा वॉटमध्ये ८६ डेसिबलच्या स्पीकरवर दहा-बाराच्या खोलीत गाणं भरतं. घरच्या गणपतीच्या आरतीला दहा माणसं जमली तर पुरत नाही.

एबीमध्ये सगळ्यात समाधान देणारी चीज अजूनही एलएम ३८८६ ही आयसी. २०-०-२० चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे अधिक-वजा २८ व्होल्ट, आणि ४ ओहमवर ६८ वॉट. टीडीए ७२९४ चा बोर्ड घेणार असाल तर २४-०-२४ वर थांबा. ३०-०-३० लावला तर २३० व्होल्टवरच डीसी ४२ होतो, या आयसीची चालण्याची हद्द ४० ची. यंत्रमाग बंद झाल्यावर रात्री पूर्व भागात लाइन २५० च्या वर चढली, तर डीसी ४६ च्या पुढे जातो आणि आयसी फुटण्याच्या काठावर येतो. ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरजोडीच्या बोर्डावर एमिटरच्या ०.२२ ओहम रेझिस्टरवर २० ते २५ मिलीव्होल्ट बायस ठेवा, आणि बायसचा ट्रान्झिस्टर मुख्य हीटसिंकला खरोखर चिकटलेला आहे का ते पाहा. तो हवेत लोंबकळत असेल तर मे महिन्यात प्रवाह वाढत वाढत जाऊन जोडीच जाते.

याच बायसमुळे एबी ॲम्प पहिला थोडा भाग क्लास एमध्येच वाजवतो. ९० ते ११५ मिलीअँपिअरवर ८ ओहमसाठी तो भाग फक्त पाव वॉटच्या आत असतो, पण रात्री हळू ऐकताना बरंचसं संगीत तेवढ्यातच मावतं. यामाहाच्या १९७० च्या दशकातल्या सीए-१००० वर क्लास ए निवडण्याचा स्विचच होता. ते पाहून घरच्या बोर्डावर नुसता बायस वाढवणारा स्विच लावायचा मोह टाळा. अधिक-वजा ३५ व्होल्टवर सव्वा अँपिअर म्हणजे एका चॅनेलला ८७ वॉट उष्णता. व्होल्टेज खाली आणल्याशिवाय हे जमत नाही.

क्लास डी इथल्या उन्हाळ्याचा ॲम्प आहे. शांत असताना मोजके वॉट खातो, केस जेमतेम कोमट होते, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर एबीचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, याला त्याचं काही नाही. टीपीए ३११६ लॅपटॉपच्या १९ व्होल्ट चार्जरवर छान वाजतो. त्याला दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या मालिकेत जोडून द्यायची युक्ती मात्र नको, कारण चार्ज होताना त्या २७ व्होल्टच्या वर जातात आणि आयसीची हद्द २६ ची आहे. एक खोट लक्षात ठेवा. या आयसींच्या साध्या बोर्डांत फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटवरून परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या, म्हणजे स्विचिंगचे वेग गाळणाऱ्या भागाच्या, आधी घेतलेला असतो, त्यामुळे वरच्या सुरांची पातळी स्पीकरच्या ओहमवर ठरते: ८ ओहमवर थोडी उचललेली, ४ ओहमवर थोडी दबलेली. टाळ-झांजा चुरचुरीत वाटल्या तर ते तपशील जास्त आल्याचं लक्षण नाही, फिल्टरचं आहे. हायपेक्सच्या एनकोअरसारख्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरनंतर घेतात, तिथे हा प्रश्न जवळपास उरत नाही.

तेव्हा जोडी अशी लावावी: डब्याच्या एका बाजूला बाराही महिने क्लास डी, दुसऱ्या बाजूला एबी. ऑक्टोबरचा ताप सरल्यावर एबी काढून क्लास ए लावायचा, आणि फाल्गुन संपता संपता तो कपाटात ठेवायचा. शहाबादी फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत ॲम्प बदलण्याआधी स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून, भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगून पाहा. खर्जाला त्यांनी फरक पडत नाही, पण टाळीसारखी उमटणारी प्रतिध्वनीची किणकिण कमी होते, आणि मग डब्याचं बटण दाबल्यावर जो फरक कानाला येतो तो खरोखर ॲम्पचा असतो.

वजा वायर न तोडणारा डबा आधीच घरात असेल तर टाकू नका. दोन एबी ॲम्पसाठी, दोन्हींची वजा ग्राउंडला असल्याची मीटरने खात्री करून, तो वापरता येतो. त्यावर मार्करने "क्लास डी लावू नये" असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी घरातलं दुसरं कुणीतरी तो उचलून जोडणार आहे.