पोर्शे 911 एससीचे हेड स्टड: डिलाव्हार, साधे स्टील की एआरपी?

इंजिन खाली उतरलंय, हेड निघालेत आणि आता स्टड (सिलेंडर आणि हेड इंजिनच्या केसला आवळून धरणारे लांब बोल्ट) कुठले मागवायचे यावर सगळं काम अडलंय, अशी अवस्था असेल तर वाचा, मी बरोबर इथेच अख्खा पावसाळा अडकून बसलो होतो.

गाडी काकांची, 1981 ची एससी, इंग्लंडहून परत येताना त्यांनी आणलेली. तेव्हापासून ठाण्यातच, शेवटची काही वर्षं कोलशेतला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. टॅपेट सेटिंग करायचं म्हणून मिस्त्रीने खालचं व्हॉल्व्ह कव्हर उघडलं आणि ट्रेमध्ये टण्णकन काहीतरी पडलं. बघतो तर हेडचा लांबुळका नट आणि त्यात अडकलेला स्टडचा बोटभर तुकडा! गाडी त्या दिवशी सकाळी घोडबंदर रोडने व्यवस्थित चालत आली होती, आवाज नाही, धूर नाही, काही नाही. चोवीसातला एक गेला तर बऱ्याचदा कळतच नाही, हे तेव्हा कळलं.

मिस्त्रीने खिशातला लोहचुंबक त्या तुकड्याला लावून बघितला, चिकटेना. म्हणाला, "शेठ, हे लोखंडच नाय."

अगदीच चुकीचं नव्हतं त्याचं, साधं स्टील नव्हतंच ते. डिलाव्हार म्हणजे लोखंडाचंच, पण तापल्यावर जास्त वाढणारं खास मिश्रण. एससीला वरच्या ओळीत 12 साधे स्टीलचे आणि खाली एक्झॉस्टच्या बाजूला 12 डिलाव्हारचे असतात, आणि डिलाव्हारला चुंबक धरत नाही. तुमच्या गाडीत आधी कोणी हात घातलाय का, कुठले स्टड बसवलेत, हे ओळखायला याच्याइतकी स्वस्त टेस्ट नाही.

आता डिलाव्हारवर उगाच तोंडसुख घेणार नाही, त्यामागचा विचार चांगलाच होता. 100 मिमी लांबीचं ॲल्युमिनियम 100 डिग्रीने तापलं तर साधारण 0.23 मिमी वाढतं, तेवढंच स्टील 0.12 च्या आसपास. म्हणजे इंजिन तापलं की सिलेंडर आणि हेड वाढतात, स्टीलचा स्टड तेवढा वाढत नाही, मग तो ताणला जातो आणि तो सगळा ताण येतो केसमधल्या आट्यांवर. डिलाव्हार स्टीलपेक्षा बराच जास्त वाढतो म्हणून आट्यांना आराम. 1968 ते 77 च्या मॅग्नेशियम केसमध्ये आटे उपटून यायचे ते याच कारणाने, आणि तुमची गाडी त्या काळातली असेल तर स्टड कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी चोवीसच्या चोवीस जागी टाइमसर्ट (नवे आटे देणारी धातूची बुश) मारून घ्या, साधी तारेची कॉइल मारून भागवू नका असं माझं मत. पण एससीची केस ॲल्युमिनियमची. तिथे स्टीलने आटे उपटल्याचं मी तरी बघितलेलं नाही, आणि वरची ओळ इतकी वर्षं स्टीलवरच तर चाललीये की.

डिलाव्हारचं दुखणं वेगळं, ते गंजाचं. पृष्ठभागावर बारीक खड्डा पडतो, तिथून तडा जातो, आणि मग एक दिवस तुटतो, कधीकधी गाडी नुसती उभी असताना. खालची ओळच का, तर पाणी, चिखल तिथेच उडतो आणि उष्णताही तिथेच. आमच्या गाडीने आधी इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खाल्लं, मग कोलशेतच्या खाडीची हवा खाल्ली, त्यामुळे चाळीस वर्षांनी एक तुटला तर राग तरी कोणावर धरायचा.

तरी मी आधी डिलाव्हारच मागवले, खरं सांगतो. जे मुळात होतं तेच परत बसवावं, काकांनाही तेच हवं होतं. काळं कोटिंग असलेले आले, गंजू नये म्हणूनच ते कोटिंग, दिसायला एकदम सुंदर. आणि इथेच माशी शिंकली. कोटिंगला ओरखडा म्हणून पडता कामा नये, नाहीतर पुन्हा त्याच जागी गंज. आता वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये ओरखडा पडू न देता 12 स्टड बसवून दाखवा! मी स्वतः रबरी नळी कापून गुंडाळली, दोन नट एकमेकांवर आवळून बसवायचं समजावलं, सगळे माना डोलावत होते. चहा प्यायला टपरीवर गेलो, आलो तर हेल्परने तिसरा स्टड सरळ व्हाइस-ग्रिपमध्ये, म्हणजे दातेरी लॉकिंग पक्कडीत, धरलेला, कोटिंगवर दातांचे चार ठसे, आतली पांढरी धातू दिसतीये. त्या पोराला काय बोलणार, त्याच्या दृष्टीने तो एक स्टड, रोज असे पन्नास फिरवतो. तो स्टड काढून घरी आणला आणि खिडकीत ठेवला, मुद्दाम. ऑगस्ट संपेपर्यंत त्या दातांच्या जागी तांबूस ठिपके! हे काही लॅबमधलं टेस्टिंग नाही, मान्य आहे, पण मला तेवढं पुरलं. कारण बसवताना न दिसलेला एखादा ओरखडा सिलेंडरच्या फिनच्या आड, एक्झॉस्टच्या वर असेल तर तो बघणार कोण? पुढच्या वेळी ट्रेमध्ये टण्ण वाजेल तेव्हाच. नंतरच्या 993 पिढीच्या 911 मधले अख्ख्या लांबीला आटे असलेले डिलाव्हार जास्त टिकतात म्हणतात, असतीलही, मी वापरलेले नाहीत.

एआरपीचा, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या जास्त ताकदीच्या स्टडचा, विचार दोन दिवस केला. फिनिशिंग झकास, नाव मोठं. पण स्टड ताकदवान म्हणजे जास्त ताठ असं नसतं, कुठलंही स्टील घ्या, तेवढ्या जाडीला तेवढंच ताणलं जातं. आणि आपल्या इंजिनात कच्चा दुवा स्टड नाहीच, केसमधले आटे आहेत. नट आवळायचा तोच 32 न्यूटन-मीटरच्या आसपास. मग एवढी ताकद मी माजिवड्याच्या सिग्नलला कशासाठी वापरू? ट्रॅकवर जाणारे, बूस्ट वाढवणारे, त्यांचं गणित वेगळं. 930, म्हणजे टर्बो 911 वाल्यांनी तर माझं ऐकूच नका, तिथे चोवीसही डिलाव्हार असतात आणि उष्णता वेगळीच.

तर मी खाली 12 साधे स्टीलचे घातले, वरचे मूळचे साफ करून, आटे तपासून तेच ठेवले. खर्च अर्ध्यावर आला हा बोनस. व्हाइस-ग्रिपने धरू नका हे स्टीललाही लागू, पण धरलाच कोणी तर झोप उडत नाही. नट आणि वॉशर मात्र नवेच घ्या. जुने स्टड काढताना केसला आधी गॅसच्या ज्योतीने नीट तापवा, आत लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) असतं, थंड्यावर जोर लावलात तर स्टडसोबत आटेही येतील. आमचे दोन तरीही हलेनात, त्यांच्या टोकावर नट वेल्ड करून काढावे लागले.

काकांना सांगितलं नव्हतं, टॅपेटच्या वेळी मिस्त्रीकडून कळलं. तोपर्यंत दोन पावसाळे झाले होते. खालचं कव्हर उघडलं, ट्रेमध्ये नुसतं तेल. काका बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले, "तो काळा सेट परत करता येतो का बघ, अकरा तर कोरेच आहेत."