कुरोसावा डीव्हीडी संच, ९ महिन्यांनंतर: 'कागेमुशा'तले ताकाशी शिमुरा कुठे गेले?

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या चित्रपटांचा हा संच घेतला तो त्यांचा नट तोशिरो मिफुनेसाठी. वापरलेला होता, साडेतीन हजारांना मिळाला. खोका जरा चेपलेला, पण प्रिंट स्वच्छ. तक्रारीला जागा नव्हती. गेल्या रविवारी त्यातला 'कागेमुशा' लावला आणि डोकं फिरलं.

आधी शिमुरांबद्दल, म्हणजे कुरोसावांच्या दुसऱ्या नेहमीच्या नटाबद्दल. कुरोसावांच्या ३० चित्रपटांपैकी २१ मध्ये ते आहेत. मिफुने १६ मध्ये. पहिले दोन महिने मला वाटायचं, हा माणूस जिथे तिथे तोच भला म्हातारा करतो. हे मत मी मागे घेतो. 'इकिरू'मध्ये (१९५२) कर्करोग झालेला सरकारी अधिकारी बर्फात झोपाळ्यावर बसून गातो, तेव्हा गळ्यातून जेमतेम आवाज फुटतो. शिमुरा तेव्हा ४७ वर्षांचे होते! दोनच वर्षांनी 'सेव्हन सामुराई'तला कांबेई. एका मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घ्यायचं म्हणून तो मुंडण करून घेतो, आणि मग सिनेमाभर त्या टकलावरून तळहात फिरवत राहतो. विचारात पडला की हात डोक्यावर, हसू आलं की हात डोक्यावर. तेवढ्यासाठी ती डिस्क मी चारदा लावली. त्याच १९५४ मध्ये 'गॉडझिला'तले शास्त्रज्ञही तेच (तो सिनेमा दिग्दर्शक इशिरो होंडांचा, या संचात नाही). आणि 'योजिम्बो'तला साकेचा (तांदळाच्या जपानी दारूचा) लबाड व्यापारी पाहिल्यावर 'भला म्हातारा' हे शब्द मी पुन्हा काढले नाहीत.

म्हणूनच 'कागेमुशा'ची (१९८०) वाट पाहत होतो. 'रेड बिअर्ड' या सिनेमानंतर १५ वर्षांनी शिमुरा पुन्हा कुरोसावांसोबत, ७५ व्या वर्षी, आणि तेही शेवटचं. शेवटची पाटी आली तरी शिमुरा दिसलेच नाहीत. वेळ पाहिली: १६२ मिनिटं. जपानी आवृत्ती १८० मिनिटांची. परदेशांसाठी जी कात्री लागली तिच्यात त्यांचा प्रसंगच गेला.

विक्रेत्याला फोन केला. "सर, डिस्क चालतेय ना? मग डिफेक्ट कसला?" मी म्हटलं, अहो, ज्यांच्यासाठी सिनेमा लावला ते गृहस्थच त्यात नाहीत. "बदलून मिळणार नाही." वर्णनात मिनिटं लिहिली असती तर हा वादच झाला नसता. बाकी डिस्कना पाच तारे, पण संचाला मी तीनच देतोय.

१८० मिनिटांची डिस्क आता वेगळी मागवली आहे. तिचे पैसे मात्र मला अजिबात जड वाटले नाहीत.