गिगाबिट म्हणून गळ्यात मारलेलं शंभरचं लॅन कार्ड

१,०९० रुपये गेले. कार्डाचे ६५०, विनाकारण घेतलेल्या कॅट-सिक्स केबलचे २४०, लाइन तपासायला आलेल्या माणसाचे २००. "एवढ्याशा रकमेसाठी कशाला?" असं जो तो ऐकवतो. याच एका वाक्यावर हा धंदा चालतो, म्हणून लिहितोय.

मशीन जुनं, इंटेलच्या जी३१ चिपसेटचा बोर्ड. वळवात वीज पडली आणि केबलमधून आलेल्या झटक्याने बोर्डावरचा लॅन पोर्ट जळाला. बाकी सगळं ठणठणीत. निपाणीत कार्ड मिळेना, म्हणून कोल्हापुरातल्या एका दुकानातून पीसीआय (बोर्डावरच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड घेतलं. खोक्यावर '१०/१००/१०००' (एमबीपीएसमधले वेग, हजार म्हणजे गिगाबिट), चिपवर चंदेरी पट्टी, तिच्यावरही 'गिगाबिट'.

त्या पट्टीचा एक कोपरा सुटला होता. खाली '८१' एवढंच दिसत होतं. नखाने उचलायला गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "ओ, वॉरंटीची पट्टी हाय ती. काढली की वॉरंटी गेली." आणि मी हात मागे घेतला. तिथंच फसलो. चिपचा नंबर झाकून वॉरंटीची पट्टी कोण लावतं? पण रियलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीची खरी गिगाबिट चिपही ८१ नेच सुरू होते, पीसीआयवर ८१६९ आणि नव्या पद्धतीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटवर ८१११. त्यामुळे जे दिसलं त्यात चूक काही नव्हती.

सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर टाकताना विंडोज ७ ने लाल चौकट दाखवली, प्रकाशकाची खात्री पटत नाही म्हणून. जुन्या कार्डांना असं होतं, असं समजून पुढे गेलो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं 'गिगाबिट'. हे नाव ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमधून येतं आणि ती फाइल नोटपॅडमध्ये कुणीही बदलू शकतो. बदलली की ड्रायव्हरवरची डिजिटल सही तुटते, लाल चौकट येते ती त्यामुळे.

लाइन २०० एमबीपीएसची, वेग ९४ च्या वर जाईना. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात (१, २, ३, ६). म्हणून संशय आधी केबलवर गेला, आणि तो रास्तच होता. नवी केबल लावली तरी ९४. शेवटी कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथं हार्डवेअर आयडीज उघडलं: व्हेन १०ईसी (म्हणजे रियलटेक), डेव्ह ८१३९ (म्हणजे चिपचा नंबर). पट्टी सोलली, खाली आरटीएल ८१३९डी. शंभरचीच चिप. अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स'च्या यादीत १ जीबीपीएस नव्हतंच. ही यादी पहिल्या दिवशीच बघा.

पोर्टच्या आत डोकावून सोनेरी तारा मोजा. चारच असतील तर गिगाबिट नाहीच. आठ असल्या तरी खात्री धरू नका.

दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही. हातात बिल नाही, नुसती चिठ्ठी: 'लॅन कार्ड १, ६५०'. चिपचा नंबर घातलेलं जीएसटी बिल मागा, देत नसेल तर घेऊच नका.

मग तक्रारीसाठी कचेऱ्यांचे खेटे. इकडे म्हणाले, दुकान महाराष्ट्रात आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, पैसे तिथून यूपीआयने पाठवलेत, तिथंच करा. इकडे परत आलो तर फॉर्म फक्त कन्नडमध्ये. मराठीत लिहिलेला अर्ज खिडकीतल्या माणसाने न वाचता परत सरकवला. सीमेवर राहणाऱ्या माणसाने दाद मागायची तरी कुणाकडे? आणि यांना कायदाही माहीत नाही! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी बेळगाव. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र मराठीत बोलता येतं.

बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट रिकामा असेल तर जुनं पीसीआय कार्ड घेऊच नका, ८१११ चं घ्या. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्ड कॅबिनेटला बसवायची अर्ध्या उंचीची धातूची पट्टी सोबत आहे का ते बघा.

कार्ड, सोललेली पट्टी, सीडी आणि चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवली आहे. तक्रारीला तीच जोडणार आहे.