चित्राची पाठ बघून घ्या: शेण-गेरूवरच्या वारलीसोबत ११ महिने

आमच्या हॉलमध्ये आधी एक छापील चित्र होतं. ऑनलाइन मागवलेलं, पानाफुलांचं, वर ठळक अक्षरांत 'पर्यावरणपूरक' लिहिलेलं. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याची खालची कड फुगली म्हणून मी ते उतरवलं आणि पहिल्यांदाच उलटं करून पाहिलं. मागे एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. पट्टी लाकडासारखी दिसणारी, पण सिंथेटिक. समोरची काच म्हणून दिलेली ॲक्रेलिक शीट. पुनर्वापराचा म्हणावा असा फक्त मधला कागद, बोटांत धरला तर हातपंख्याएवढा हलका.

भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, ह्याचं काहीच जात नाही. लाकूड नाही, प्लास्टिक नाही, रद्दी पण नाही." शेवटी ते कचऱ्याच्या गाडीत गेलं. भिंतीवर दोन वर्षंसुद्धा राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात काही लावायचं तर आधी त्याची पाठ बघायची, हा नियम केला. गेल्या डिसेंबरात त्याच नियमानं एक वारली चित्र घेतलं. आता नोव्हेंबर आहे, म्हणजे एक हिवाळा, एक उन्हाळा आणि डोंबिवलीचा एक अख्खा पावसाळा त्यानं काढला आहे. घेताना मला जी माहिती हवी होती आणि कुठे मिळाली नाही, ती लिहून ठेवते.

घेतलं काय

दोन फूट बाय तीन फूट मांजरपाट, त्यावर शेणाचा हात, त्यावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेलं तारप्याचं, म्हणजे भोपळ्याच्या फुंकवाद्यावरच्या नाचाचं चित्र. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल गोल वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. डहाणूजवळच्या एका पाड्यावर, काढणाऱ्या ताईंच्या घरी जाऊन घेतलं. ३२०० रुपये.

दुकानातून न घेता तिथवर जाण्याचं कारण सरळ होतं. पांढरा रंग कशाचा आहे हे मला काढणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ही कला कोणाची आणि कुठली हे पक्कं झालं. पण मानांकन आहे म्हणून प्रत्येक चित्रातला रंग नैसर्गिक असेल, असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकताना त्या सर्रास एकत्र केल्या जातात.

ताईंनी काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "आम्ही कापडावर पांढरा पोस्टर कलर आणि फेविकॉल वापरतो. तांदळाचं पांढरं सुटतं. गिऱ्हाईक परत घेऊन येतं." फेविकॉलसारखा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, प्लास्टिकच्याच कुळातला. मी तांदळाचंच हवं म्हणून सांगितलं. त्यांनी तांदूळ भिजवून बारीक वाटला, त्यात डिंक घातला आणि बांबूची काडी टोकाला चावून कुंचल्यासारखी मऊ केली. लग्नाच्या चौकासाठी, म्हणजे देवीच्या चौकोनी चित्रासाठी, भिंतीवर काढतात ते असंच. घरातल्या सुवासिनी पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चित्र 'काढलं' नाही, 'लिहिलं' म्हणायचं, हेही मी तिथेच ऐकलं.

तिथे समजलेली आणखी एक गोष्ट मला या सगळ्या खरेदीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. कुडाच्या भिंतीवरचं ते चित्र कायम राहावं म्हणून लिहिलेलंच नसतं. भिंत सारवली की ते जातं, पुढच्या लग्नाला नवं येतं. कापडावर आणि कागदावर ही कला आली १९७० च्या दशकात. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलाकारांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे तांदळाचं पांढरं कमी टिकतं हा त्याचा दोष नाही. आपण त्याच्याकडून फ्लॅटच्या भिंतीवर २० वर्षांची अपेक्षा करतो, ती नवीन आहे.

फ्रेमचं काय केलं

चित्र घेऊन आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्या काकांकडे गेले. त्यांनी नेहमीचा हिशोब सांगितला: मागे तीन एमएमचं एमडीएफ, पुढे ॲक्रेलिक, चारी बाजूंनी सिंथेटिक पट्टी, २४०० रुपये. मी त्यांना आधी सगळं वजन करायला लावलं. कापड रंगासकट १२० ग्रॅम भरलं. एमडीएफचा तेवढा तुकडा सव्वा किलो, ॲक्रेलिक शीट जवळपास तेवढीच. पट्टी वेगळी. म्हणजे शेण, गेरू आणि तांदूळ निवडून घ्यायला मी डहाणूपर्यंत गेले, आणि त्याच्या वीसपट वजनाचं प्लास्टिक नि रेझिन गल्लीत येऊन त्याला चिकटवणार होते.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिननं चिकटवून, गरम दाबाखाली केलेला बोर्ड. त्यात बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते हळूहळू हवेत सुटत राहतं. नव्या स्वस्त फर्निचरला डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो त्याचाच. शिवाय कडा उघड्या असतील तर बोर्ड पाणी पितो आणि फुगतो. एकदा फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही.

म्हणून फ्रेम केलीच नाही. वर एक आणि खाली एक अशा सागाच्या दोन गोल काठ्या घेतल्या, सुताराकडे उरलेल्या तुकड्यांतून १८० रुपयांत मिळाल्या. त्यांना जवसाचं तेल चोळलं. कापडाची वरची-खालची कड काठीवर दुमडून जाड सुती दोऱ्यानं शिवली, गोंद कुठेच नाही. टांगायला सुतळी. खिळा एकच.

काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते काचेशिवाय चित्र म्हणजे धूळ. त्यात तथ्य आहे, पुढे सांगते.

पहिले सहा महिने

काहीच झालं नाही, आणि तेच हवं होतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न शेणाच्या वासाचा असतो. आणल्यावर चार-पाच दिवस जवळ गेलं की ओल्या अंगणासारखा वास यायचा. वाळल्यावर गेला.

रंगाची मला भीती होती, कारण आमच्या हॉलमध्ये दुपारी तीननंतर ऊन येतं. गेरू जसाच्या तसा आहे. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो उन्हानं उडत नाही. हेच हळदीच्या पिवळ्याबद्दल म्हणता येत नाही. 'नैसर्गिक रंग' एवढं ऐकून घेऊ नका, कुठला ते विचारा. मातीचे रंग उन्हात टिकतात, हळदीसारखे वनस्पतींचे काही रंग लवकर फिके होतात.

पावसाळा

इथे माझी चूक झाली आणि ती मी सविस्तर सांगते, कारण कोकणपट्टीत राहणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. चित्र मी पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं. ती इमारतीची बाहेरची भिंत. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस दोन महिने तिला झोडपतो. जुलैच्या मध्यावर भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. चित्राचा खालचा उजवा कोपरा भिंतीला टेकलेला होता, तिथे मागच्या बाजूनं राखाडी बुरशी धरली. तळहाताएवढी.

लगेच उतरवलं. धुता येत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येत नाही, कारण तांदूळ आणि डिंक दोन्ही पाण्यात सुटतात. खोलीत पंख्याखाली दोन दिवस उलटं पसरलं. मग नाकातोंडाला रुमाल बांधून, गॅलरीत नेऊन मऊ कोरड्या ब्रशनं बुरशी झटकली. एक फिकट डाग राहिला आहे. पुढून दिसत नाही.

त्यानंतर दोन बदल केले आणि दोन्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते. चित्र हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर आणलं, तिला दोन्हीकडून घर आहे. आणि खालच्या काठीच्या मागे अर्ध्या इंचाचे दोन लाकडी गट्टू बांधले, त्यामुळे कापड आणि भिंत यांच्यात हवा खेळते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस थांबला नाही, पण बुरशी पुन्हा आली नाही.

ऑगस्टमध्येच दुसरी गोष्ट लक्षात आली. तारप्याच्या रांगेतल्या शेवटच्या दोन जणांचे पाय नाहीसे झाले होते. रेघ निखळून पडली असती तर खाली पांढरी भुकटी दिसली असती, तशी नव्हती. कुरतडलेल्या कडा दिसत होत्या. कसर किंवा झुरळ, दोन्हींना पिठाची खळ आवडते, मग तांदळाचं पीठ का नाही आवडणार? वरच्या काठीला मागून वेखंडाची पुरचुंडी बांधली. तेव्हापासून आणखी काही गेलेलं नाही. हे वेखंडामुळे की जागा बदलल्यामुळे, हे मी ठामपणे सांगणार नाही.

याच ताईंकडून मुलीच्या खोलीसाठी एक फूट बाय एक फूट छोटं चित्रही घेतलं होतं, पोस्टर कलर आणि फेविकॉलवालं. ११ महिन्यांत त्यातली एक रेघही हललेली नाही. बाहेरच्या भिंतीवरच लावायची सक्ती असेल, घर समुद्राजवळ असेल किंवा घरात लहान मूल हात लावणारं असेल, तर मी तेच घ्यायला सांगेन. कापडावरचा तो पांढरा थर चमचा-दोन चमच्यांचा. त्यावरून काढणाऱ्याला नावं ठेवायची आणि मग तेच चित्र ॲक्रेलिकमध्ये बसवायचं, याला अर्थ नाही.

धूळ आणि तेल

काच नसल्यामुळे धूळ बसते, काकांचं खरं होतं. पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या, मऊ, रुंद ब्रशनं वरून खाली हलका हात फिरवते. एकूण दोन मिनिटांचं काम. स्वयंपाकघराच्या जवळ मात्र असं उघडं चित्र लावू नका. फोडणीचा धूर नि तेलाचा चिकटा एकदा कापडात शिरला की काढायला मार्ग नाही. तिथे काच हवीच असेल तर खरी काच घ्या. जड असते, फुटू शकते, पण ओरखडे पडून धुरकट होत नाही आणि काकांच्याच दुकानात दुसऱ्या मापाला कापून पुन्हा वापरता येते.

घर बदलताना किंवा रंगकामाच्या वेळी चित्राची घडी घालू नका. घडीवर तांदळाची रेघ फुटते. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी फुकट मिळते, तिच्यावर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळायचं.

आणखी दोन गोष्टी लावून पाहिल्या

सासूबाईंची जुनी काळी घोंगडी जेवणाच्या टेबलामागे आडव्या काठीवर टांगली. एक पैसा खर्च नाही, मेंढीच्या लोकरीचा स्वतःचाच रंग, आणि त्या कोपऱ्यातला घुमणारा आवाजही कमी झाला. लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा उतरवून गॅलरीत झटकते. भिंतीसाठी काही हवं असेल तर आधी घरातली ट्रंक उघडा, एवढंच सांगते.

हातकागदावरचं एक चित्रही आहे. चिंध्यांपासून केलेला तो कागद सुंदर असतो, पण आमच्या हवेत पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके आले. पुण्यातल्या माझ्या बहिणीकडे तसंच चित्र चार वर्षं स्वच्छ आहे. कागद घ्यायचा तर आपल्या गावची हवा बघून घ्या.

आता हिशोब

चित्र ३२००, काठ्या १८०, दोरा-सुतळी-वेखंड मिळून शंभरच्या आत. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, पण तो दिवस आम्हा चौघांना आठवणीत राहील असा गेला. आधीचं छापील चित्र २१०० ला पडलं होतं.

पुन्हा घेईन का? हो, आणि तांदळाचंच घेईन. फक्त भिंत आधी ठरवेन, गट्टू पहिल्या दिवशी बांधेन आणि मे महिन्यात भिंतीवरून हात फिरवून कुठे पोपडा आहे का ते पाहीन.

त्या दोन नाचणाऱ्यांचा फोटो मी ताईंना पाठवला होता. घरीच तांदूळ वाटून पाय काढून पाहू का, असंही विचारलं. त्यांनी लगेच फोन केला. "तुम्ही नका लिहू, हात वेगळा दिसतो. भात झोडून झाला की या. दोघांना पाय देते, आणि कोपऱ्यात डाग आहे म्हणता तिथे परत शेणाचा हात मारून देते." पैसे किती, असं विचारलं तर म्हणाल्या, तांदूळ घरचेच आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जायचं ठरलं आहे. पुठ्ठ्याची नळी आणून ठेवली आहे.