दोन जिने, एक ॲक्टिव्हा आणि क्लीन जॅझ: हलका ॲम्प कोणता घ्यायचा

माझा मावसभाऊ महिनाभरापासून डोकं खाऊन राहिलाय. सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) गिटार घेतली, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा चढवल्या, आता ॲम्प पाहिजे, आणि रोज रात्री साडेअकराला एक नवीन व्हिडिओ पाठवतो, खाली लिहिलेलं असतं "दादा हा कसा आहे". त्याच्या अटी सोप्या आहेत. आवाज क्लीन, गोल, जरा उबदार, डिस्टॉर्शन (फाटका आवाज) गेलं चुलीत. आणि ॲम्प ॲक्टिव्हाच्या पायदानावर बसला पाहिजे, कारण कार नाही आणि घर नागपूरला प्रतापनगरात दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मे महिन्यात दुपारी चारला साउंडचेक असला की ४५ डिग्रीत ते ओझं घेऊन जिने उतरणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

मी केलंय. माझ्याकडे बरीच वर्षं रोलँडचा जेसी-१२० होता. १९७५ पासून निघतोय हा ॲम्प, क्लीन आवाजाचं मोजमापच म्हणा ना, पण वजन २८ किलोच्या घरात. शेवटी विकला. दोष त्याचा नाही, माझ्या कमरेचा आहे.

तर त्याला जे तुकड्या-तुकड्यात सांगत होतो ते इथे एकदाच लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी मीच लिंक पाठवीन.

आधी एक गैरसमज काढा डोक्यातून, की ट्यूब (जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह) नसेल तर जॅझ नाही. जॅझ गिटारवाल्यांमध्ये जो पास पॉलिटोनचा ॲम्प वाजवायचा, तो सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला. पॅट मेथेनी कित्येक वर्षं अकूस्टिक कंपनीचा १३४ वाजवायचा, तोही सॉलिड स्टेटच. जिम हॉलचा गिब्सन जीए-५० मात्र ट्यूबचा. म्हणजे दोन्हीकडे मोठी माणसं आहेत, त्यामुळे या भांडणात आपण पडायचं कारण नाही. उलट ट्यूब ॲम्पची खरी मजा त्याला थोडं ढकललं, आवाज जरासा फाटायला लागला की येते, आणि आपल्याला तर नेमकं तेच नको आहे.

वजन कशाने होतं हे कळलं की कशावर पाणी सोडतोय तेही कळतं. ट्यूब ॲम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लोखंड आणि तांबं. स्पीकरच्या मागे फेराइटचं जाड मॅग्नेट. आणि पेटी. नवीन हलक्या ॲम्पमध्ये क्लास डी पॉवर सेक्शन आणि स्विचिंग सप्लाय (दोन्ही हलकी सर्किटं) असतो, लोखंड जवळपास गायब, आणि मॅग्नेट निओडिमियमचं असलं तर १२ इंची स्पीकरमध्येच दोन-अडीच किलो वाचतात. इथपर्यंत फुकटचा फायदा, आवाजाचं फार काही जात नाही. पण यानंतरही वजन कमी करायचं तर पेटी छोटी करावी लागते आणि स्पीकरही, आणि तिथून मात्र किंमत मोजावी लागते. गिटारची खालची मोकळी ई तार ८२ हर्ट्झची, साडेसहा इंची स्पीकर तेवढी हवा हलवणार कुठून.

वॅटवरून घोळ घालू नका. वॅट दुप्पट झाले तर वाढ फक्त ३ डेसिबल, कानाला "हां, थोडं वाढलं" इतकंच. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून ३० की ४५ यावर झोप घालवण्यात अर्थ नाही, स्पीकर किती इंची, किती कार्यक्षम, पेटी केवढी, हे जास्त बोलतं.

आणि आता खरा प्रश्न, जो मावसभावाने एकदाही विचारला नाही: तुझ्यासोबत बेस वाजवणारा कोणी आहे का? ड्रमर आहे का? माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. बेसवाला असेल तर खालचे सूर त्याचे, तुमच्या ॲम्पने तिथे गर्दी केली तर उलट तो वैतागतो, छोटा स्पीकर मजेत चालतो. पण गायिका आणि तुम्ही दोघंच, किंवा एकट्याने कॉर्ड-मेलडी, म्हणजे अंगठ्याने बेस पण तुम्हीच, तर खालचा भराव ॲम्पमधूनच यायला हवा. ड्रमर असेल, ब्रश (तारांचे हलके झाडू) नाही, काड्या घेऊन बसणारा, तर १२ इंचीशिवाय मला तरी धीर होत नाही.

आता एकेक घेऊ.

बॉस कटाना ५०. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सहज मिळणारा, १२ इंची स्पीकर, वजन साडेअकरा-बारा किलो. मागे-पुढे बघता हा काही हलक्यांमधला हलका नाही, पण एका हाताने दोन जिने उतरतो. जॅझवाले याला नाक मुरडतात कारण त्यावर लीड, ब्राउन असले चॅनल आहेत, मेटलवाल्या पोरांचा ॲम्प म्हणून शिक्का बसलाय. त्याकडे बघूच नका. क्लीन चॅनल लावा, ट्रेबल उतरवा, मिड (मधले सूर) थोडं वर, रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) चिमूटभर. आणि एकदा अकूस्टिक चॅनलवर हॉलोबॉडी (पोकळ गिटार) लावून बघाच, तो चॅनल खरा तर पिकअपवाल्या (तारांचा आवाज पकडून ॲम्पला देणारा भाग बसवलेल्या) अकूस्टिक गिटारसाठी आहे पण आवाज सपाट आणि स्वच्छ येतो, मला काही गाण्यांना तोच आवडतो. अर्ध्या वॅटची सेटिंग आहे, रात्री शेजारच्या काकू उठत नाहीत. खोट काय, तर आवाजात व्यक्तिमत्त्व असं नाही. बरोबर असतो, लक्षात राहत नाही. मी त्याला क्लीन कटोरी म्हणतो, जे वाढाल ते वाढलं जाईल.

जेसी-२२. जेसी-१२० चं लेकरू, १५ अधिक १५ वॅट, दोन साडेसहा इंची स्पीकर, तोच खोलीभर फिरणारा स्टीरिओ कोरस (एक गिटार अनेकांनी वाजवल्यासारखी करणारा इफेक्ट), वजन पावणेबारा किलोच्या आसपास. इथे गंमत बघा, कटाना जवळपास एवढ्याच वजनात १२ इंची देतो. मग हा का घ्यायचा? कोरससाठी. बॅलडमध्ये लांब कॉर्ड सोडून तो कोरस हळू फिरवला की अंगावर येतं, दुसऱ्या कुठल्या ॲम्पमध्ये ते मला मिळालं नाही. पण जेसीचा आवाज मुळात काचेसारखा, चकचकीत, आपल्याला हवा त्याच्या नेमका उलट. गिटारचा टोन नॉब निम्म्यावर आणि ॲम्पचा ट्रेबल दोन-तीनवर आणला की बसतो, पण दर वेळी ही मशागत करावी लागते. ड्रमरसोबत पुरत नाही. घरी, रेकॉर्डिंगला, छोट्या कॅफेत छान.

डीव्ही मार्क लिटल जॅझ. हा इटालियन, मार्कबेसवाल्यांचाच गिटारचा ब्रँड, आणि नावातच जॅझ घेऊन आलेला. ८ इंची स्पीकर, ४५ वॅट, वजन सात किलोच्या आतबाहेर. हा आहे खरा ॲक्टिव्हाचा ॲम्प. पायदानावर ठेवा, गुडघ्यांनी धरा, लॉ कॉलेज चौकातून शंकरनगर, तिथून रामदासपेठ, काही वाटत नाही. आवाज पहिल्या सेकंदापासून गोल असतो, नॉब सगळे मधोमध ठेवून प्लग लावला तरी वाटतं हां, हेच. मिड भरलेले, वरचं टोक आधीच मऊ केलेलं. मागे बॅलन्स्ड लाइन आऊट आहे, मोठ्या ठिकाणी साउंडवाल्याला तो द्यायचा आणि ॲम्प स्वतःला ऐकायला ठेवायचा. बाहेरचा आणखी एक स्पीकर जोडला तर ६० वॅटपर्यंत जातो. उणं म्हणजे हा फक्त हेच करतो. उद्या फंक वाजवायची हुक्की आली, टणटणीत आवाज पाहिजे, तर ८ इंची त्या मऊ स्पीकरमधून तो काढताना जीव जातो. आणि खालच्या दोन तारांवर जोरात अंगठा मारला की पेटीची मर्यादा कळते. मोठा भाऊ आहे याचा, जॅझ १२, थोडा जड, ती तक्रार बरीचशी तिथे मिटते. दुकानात लिटल ऐकायला मिळाला तर सोबत तोही मागा.

हेन्रिक्सनचा बड. अमेरिकेत कोलोराडोचा, नऊ इंचाचा ठोकळा, १२० वॅट, साडेसहा इंची स्पीकर आणि एक ट्वीटर, दोन चॅनल, प्रत्येकाला वेगळा पाच पट्ट्यांचा इक्वलायझर, वजन पावणेआठ किलो. कागदावर सगळ्यांना खाऊन टाकतो. गिटार एका चॅनलवर, गायिकेचा माईक दुसऱ्यावर, म्हणजे दोघांच्या कार्यक्रमाला वेगळी पीए (हॉलची साउंड सिस्टिम) नको. मी एकाकडे तासभर वाजवलाय आणि एवढ्याशा डब्यातून तो भरीव आवाज येताना मागे वाकून बघितलं, दुसरा स्पीकर लपवलाय का म्हणून. पण हा माझ्या बघण्यात इथे कुठल्या दुकानात नाही, बाहेरून आणायचा, म्हणजे किंमत, कस्टम, कुरिअर, आणि बिघडला तर पाठवणार कुठे. अमेरिकेतून कोणताही ॲम्प आणताना मागची पट्टी वाचा, त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय की १०० ते २४०. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर तो सरळ लावायचा नाही, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मग तीन-चार किलोचं लोखंड पुन्हा पिशवीत. ज्यापासून पळालो तेच परत गळ्यात.

फेंडर टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब. खऱ्या ट्यूबवाल्या डिलक्स रिव्हर्बचं वजन १९ किलो, हा १०.४. आत डिजिटल, १०० वॅटचा क्लास डी, तो २२ वॅटच्या ट्यूब ॲम्पसारखा वागतो, निओडिमियमचा १२ इंची जेन्सन, आणि मागे पॉवर कमी करायची कळ, अगदी ०.२ वॅटपर्यंत. २०१९ ला आला तेव्हा लोकांनी आधी हसून घेतलं, मग गुपचूप विकत घेतला. आवाज म्हणाल तर या पाचांत सगळ्यात सुंदर, विशेषतः रिव्हर्ब. पण याला मिडचा नॉबच नाही, फक्त ट्रेबल आणि बेस, आणि फेंडरचा हा स्वभाव की मधला भाग खोलगट असतो. जॅझला तर मधलाच भाग हवा. उपाय सोपा आहे: ट्रेबल आणि बेस दोन्ही दोन-तीनपर्यंत उतरवा, व्हॉल्यूम वाढवा, मधला भाग आपोआप वर येतो. हे माहीत नसलेले लोक बेस सहावर ठेवतात आणि मग म्हणतात घुमतो. पैशाचं म्हणाल तर याच्या किमतीत तीन तरी कटाना येतील. पेटीही रुंद आहे, वजन कमी झालं तरी आकार तोच, ॲक्टिव्हावर मागे बसणाऱ्याच्या मांडीवरच. मावसभावाला मागे बसणारं अजून कोणी नाही.

रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स फक्त नावापुरता घेतो. ७.४ किलो, ८ पेन्सिल सेलवर चालतो, फुटाळा तलावावर संध्याकाळी बसून वाजवायचं असेल तर घ्या. जॅझचा टोन त्यात होतो, मिळत नाही.

इथल्या दोन गोष्टी. लॉनवरचे कार्यक्रम. लग्नाच्या लॉनवर वीज अनेकदा जनरेटरवर, मागे लायटिंगवाल्याचे डिमर त्याच लाइनवर, आणि अर्थिंग देवाच्या भरवशावर. मागे एका लॉनवर माझा ॲम्प असा गुणगुणायला लागला की तबलावाला म्हणाला, तानपुरा लावला का दादा. त्यात ॲम्पचा काही दोष नव्हता, बोर्डाची अर्थ पिनच कुठे जोडलेली नव्हती. तेव्हा साधा सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा आणि हमबकर (गुणगुण दाबणारा) पिकअप असेल तर देवाचे आभार माना. आणि उघड्यावर छोट्या ॲम्पचा बेस हवेत विरून जातो, भिंत नसते ना मागे. घरात उलट, छोटा ॲम्प जमिनीवर कोपऱ्यात ढकलला तर फुकट बेस मिळतो. तोच हॉलोबॉडीसोबत घुमायला लागला तर खुर्चीवर ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

मग काय घ्यायचं? दोघांचा सेट असेल, गाणारी आणि तुम्ही, पैसे आहेत आणि परदेशातून येणारं कोणी आहे, तर बड. ट्रिओ, बेसवाला आहे, ड्रमर ब्रशवाला आहे, तर लिटल जॅझ, डोळे मिटून. ड्रमर काड्यावाला आहे किंवा अजून ठरलंच नाही आपण जॅझच वाजवणार की लग्नात हिंदी गाणी पण, तर कटाना, आणि वाचलेल्या पैशात चांगला पिकअप बसवा. टोन मास्टर मी त्यालाच सांगेन ज्याच्याकडे कार आहे. जेसी-२२ कोरसवर जीव जडलेल्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी मित्राचा ऐकून समाधान मानावं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या, तिथली टणटणीत टेलिकास्टर गिटार घेऊन जॅझचा ॲम्प ठरवू नका. सगळे नॉब मध्यावर, रिव्हर्ब शून्य. पाचव्या-सहाव्या तारेवरून सुरू होणारा एक मायनर सेव्हन कॉर्ड सावकाश वाजवा आणि त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो का बघा. मग व्हॉल्यूम बोलण्याच्या आवाजाच्या वर न्या आणि तेच पुन्हा. बऱ्याच छोट्या ॲम्पचं पितळ या दुसऱ्या वेळेला उघडं पडतं.

मावसभावाचं सध्या कटाना आणि लिटल जॅझमध्ये अडकलंय. मी म्हटलं बेसवाला शोध आधी. परवा म्हणाला सापडला, मेडिकलला शिकतो, महिन्यातून दोनदाच मोकळा असतो. म्हणजे उरलेले २८ दिवस बेस याच्याच अंगठ्यावर. रविवारी गिटार घेऊन ये म्हटलंय, एका मित्राचा जॅझ १२ मागून ठेवलाय.